सेंद्रिय अन्न : लाभ कोणाचा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'सेंद्रिय अन्न' असे सांगितले. त्यांच्या चेहऱ्यावर किंचित निराशा उमटली. वसंत ऋतूत लोक संतवाङ्मय ऐकायला येतात, इतिहास ऐकायला येतात. खत आणि फवारणी ऐकायला कोण येणार, ही त्यांची शंका रास्तच होती. आज सभामंडपात पाहतो तो बसायला जागा नाही. म्हणजे या गावात हा विषय घरोघरी पोचलेला आहे. कोणाच्या घरी डॉक्टरांनी काही सांगितले आहे, कोणाची सून पुण्याहून 'ऑरगॅनिक' छापलेली पिशवी घेऊन आली आहे, आणि कोणी स्वतःच्याच वावरात जीवामृताचे पिंप मांडले आहे. तेव्हा प्रारंभीच सांगतो : आम्ही सेंद्रिय शेतीचे प्रचारक नाही आणि खतविक्रेत्यांचे वकीलही नाही. दोन्ही बाजूंनी जे दावे केले जातात, ते एकेक करून तराजूत घालावे, एवढाच आजचा बेत आहे.

प्रथम एक प्रसंग. गेल्या हिवाळ्यात रिसोडच्या बाजूस एका परिचित शेतकऱ्याच्या वावरात आम्ही गेलो होतो. सोयाबीन निघून गेले होते आणि तूर शेंगांनी लगडली होती. एक मजूर पाठीवर पंप घेऊन फवारत होता. विहिरीजवळची चार तासे मात्र तो सोडून देत होता. आम्ही विचारले, "भाऊ, ही का सोडली?" शेतकरी थोडे ओशाळून म्हणाले, "ते घरच्यासाठी ठेवलं जी. ओल्या शेंगा लेकरं खातात." आणि मग आमच्याकडे पाहून त्यांनीच उलट प्रश्न केला, "समद्या वावरात असंच केलं, तर वाशीमच्या बजारात कोन घेते, आन् काय भावानं?"

आम्हांस तेव्हा उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान हे त्या चार तासांवरचे भाष्य आहे असे समजावे.

त्या चार तासांमागे जी समजूत आहे ती अशी की, फवारलेले अन्न खाणाऱ्याला बाधते आणि न फवारलेले त्याला तारते. शहरातला ग्राहकही याच समजुतीने दुप्पट पैसे मोजतो. तिच्यात तीन दावे एकत्र गुंतलेले आहेत : सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असते, ते रोग टाळते आणि त्यात विष नसते. लोक हे तीन दावे एका दमात बोलतात. परंतु त्यांचे पुरावे सारख्या वजनाचे नाहीत.

पौष्टिकतेचा दावा सर्वांत हलका आहे. २००९ साली इंग्लंडमधील संशोधकांनी पन्नास वर्षांतले लेखन चाळले आणि पोषणद्रव्यांत महत्त्वाचा फरक दिसत नाही असा निर्वाळा दिला. २०१२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी २३७ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांनाही सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा सापडला नाही. दुसऱ्या बाजूने, २०१४ साली न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी ३४३ अभ्यासांवरून दाखविले की, सेंद्रिय पिकांत ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये अधिक आणि कॅडमियम हा घातक धातू कमी असतो. हा फरक खरा मानला, तरी त्यामुळे खाणाऱ्याची प्रकृती सुधारते हे सिद्ध होत नाही. आणि विचार केला तर यात नवल तरी काय? शेणातला नत्र असो की युरियाचा, जमिनीतल्या जंतूंनी त्याचे अमोनियम आणि नायट्रेट केल्यावरच मूळ तो मुख्यत्वे शोषून घेते. मुळाला शेण ओळखता येत नाही. वाण कोणता, जमीन कोणती, शेंग कधी तोडली, भाजी किती दिवस पडून राहिली, यांचा डाळभाजीच्या कसावर परिणाम होतो. पिशवीवरच्या हिरव्या पानाच्या चित्राचा होत नाही.

येथे घरखर्चाचीही एक गोष्ट आहे, आणि ती बोलायला आम्हांस संकोच वाटत नाही. महिन्याच्या डाळीला ज्या घरात ठरावीक रक्कम आहे, त्या घराने दुप्पट भावाची डाळ आणली, तर ताटात डाळ निम्मी पडेल. लेकरांच्या अंगी लागते ती डाळ. तिची जात-कुळी नव्हे. मध्यमवर्गीय गृहिणीला 'साधी डाळ घालून तू मुलांना विष खाऊ घालतेस' असे सांगणाऱ्या जाहिराती आम्हांस खोट्या तर वाटतातच, पण क्रूरही वाटतात.

आता रोगाचा दावा. कॅन्सर हा शब्द उच्चारला की विचार थांबतो, म्हणून येथे सावकाश जाऊ. फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार प्रौढांची कित्येक वर्षे पाहणी झाली आणि २०१८ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सेंद्रिय अन्न सर्वाधिक खाणाऱ्यांत कॅन्सरचे प्रमाण २५ टक्के कमी आढळले. ही बातमी जगभर गेली. परंतु तिच्या चार वर्षे आधी, २०१४ साली, इंग्लंडमध्ये सहा लाखांहून अधिक स्त्रियांची नऊ वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. तीत सेंद्रिय खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या स्त्रियांत एकूण कॅन्सरच्या प्रमाणात घट दिसली नाही. ही बातमी मात्र कोठे गेली नाही. शिवाय सेंद्रिय माल घेणारा माणूस बहुधा सुस्थितीतला असतो, विडी-सिगारेट कमी ओढतो, भाजी-फळे अधिक खातो आणि वेळेवर डॉक्टरकडे जातो. संशोधक हे सर्व वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण ते पूर्णपणे वजा होत नाही. आमच्या मते या दाव्यावर आजमितीस निकाल देता येत नाही. जो देतो त्याच्याजवळ विकायला काहीतरी असते.

तिसरा दावा विषाच्या अवशेषांचा, आणि येथे पारडे सेंद्रियाकडे झुकते. साध्या पिकांत अवशेष सापडण्याचे प्रमाण सेंद्रियाच्या चौपट, असे त्याच न्यूकॅसलच्या अभ्यासात दिसले. स्टॅनफर्डच्या अभ्यासातही फरक त्याच दिशेचा होता. मात्र साध्या मालातले अवशेष क्वचितच मर्यादेबाहेर होते, असेही त्यांनी नोंदविले. आपल्या देशात २०१४-१५ साली केंद्र सरकारच्या योजनेखाली २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १८.७ टक्क्यांत अवशेष होते आणि २.६ टक्क्यांत ते ठरविलेल्या मर्यादेहून अधिक होते. सेंद्रिय म्हणून विकणाऱ्या दुकानांतल्या मालातही त्या वेळी अवशेष सापडले, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. हे २.६ टक्के क्षुल्लक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. लहान मुले आणि गर्भवती यांच्या बाबतीत सावधगिरी केव्हाही बरी. भाजी वाहत्या पाण्यात धुणे, फळाची साल काढणे, नीट शिजविणे यांनी अवशेष कमी होतात. झाडाच्या रसात भिनलेले मात्र धुऊन जात नाहीत.

विष अन्नात शिरून माणसे मेल्याचे दोन प्रसंग या देशात कुप्रसिद्ध आहेत. १९५८ साली केरळात पॅराथिऑन सांडून दूषित झालेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. कीटकनाशकांचा १९६८ चा कायदा होण्यामागे ही घटना होती. दुसरा प्रसंग २०१३ सालचा, बिहारच्या सारण जिल्ह्यातला. शाळेतल्या माध्यान्ह भोजनाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळले गेले आणि २३ मुले प्राणास मुकली. दोन्ही ठिकाणी विष पिकावरून आले नव्हते. अन्न आणि विष एकाच वाहनात, एकाच कोठडीत, एकाच डब्यात नांदल्यामुळे ते आले. आता आपल्या घरांकडे या. किती घरांत फवारणीची बाटली फडताळात, मिठाच्या बरणीच्या शेजारी ठेवलेली असते? रिकाम्या डब्यात पाणी भरून वावरात नेणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. सेंद्रिय डाळीची पिशवी या डब्यापासून कोणाचे रक्षण करीत नाही.

हळदीचेही तसेच. आपल्या जिल्ह्यात हळद पिकते, म्हणून सांगतो. हळकुंडाला पिवळा झळाळ यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट लावतात. त्यात शिसे असते आणि ते मुलांच्या मेंदूला बाधते. हा उद्योग शेतात होत नाही, शेतानंतर होतो. हळद कोणत्या खतावर वाढली हे विचारणारा ग्राहक ती कोठे पॉलिश झाली हे विचारीत नाही.

इथवर ऐकून काही श्रोत्यांना वाटेल की, व्याख्याते सेंद्रियाच्या विरुद्ध आहेत. थोडा धीर धरावा. खाणाऱ्याचा हिशेब झाला. पिकविणाऱ्याचा अजून व्हायचा आहे.

सेंद्रिय खताचा विचार आपल्याला परका नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला राहून, तेथील काळ्या जमिनीत, शेण आणि काडीकचरा कुजविण्याची पद्धत बसविली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. जग ज्याला सेंद्रिय शेती म्हणते, तिचे एक मूळ आपल्यासारख्याच जमिनीत आहे. आपल्या वऱ्हाडातले सुभाष पाळेकर यांनी देशी गाईच्या शेण-गोमूत्रावर नैसर्गिक शेतीचा पंथ उभा केला आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ पासून डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने जैविक शेतीचे मिशन अकोल्याहून चालू झाले, त्यात आरंभापासून वाशीम जिल्हा आहे. (पंजाबराव १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री होते. त्या दशकात देशापुढचा प्रश्न धान्य शुद्ध कसे असावे हा नव्हता, ते पुरेल कसे हा होता. त्यांचे नाव आज या मिशनला असावे, यात काळ किती बदलला ते दिसते.)

पण हिशेब हिशेबासारखा करावा. डीएपीच्या पन्नास किलोच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद असते. चांगल्या शेणखतात स्फुरद शेकडा पाव किलोच्या आतबाहेर. म्हणजे एका पोत्याइतके स्फुरद द्यायला सुमारे दहा टन शेणखत पाहिजे. अर्ध्या टनाची गाडी धरली तर वीस गाड्या! ज्या गावात पोळ्याला बैलजोड्या मोजायला दोन्ही हातांची बोटे लागत नाहीत, त्या गावात वीस गाड्या खत आणायचे कोठून? कुटार गुरांना जाते किंवा विकले जाते आणि पऱ्हाट्या चुलीत जातात. जीवामृतात एकरी दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती दोनशे लिटर पाण्यात कालवतात. त्याने जमिनीतले जंतू जागे होतात असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. होतही असतील; पण दहा किलो शेणातून पिकाची भूक भागत नाही, हे त्रैराशिक जाणणाऱ्या मुलालाही कळेल. श्रीलंकेने २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात एका फर्मानाने बंद केली आणि नोव्हेंबरमध्ये माघार घेतली. मधल्या काळात भात आणि चहा दोन्ही बुडाले.

तथापि सर्व पिकांची गत सारखी नाही, आणि येथे वाशीमचे भाग्य थोडे बरे आहे. २०१२ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या मोठ्या तुलनेत सेंद्रिय शेतीची तूट ५ ते ३४ टक्के दिसली, आणि सर्वांत कमी, म्हणजे ५ टक्के तूट, पावसावर घेतलेल्या शेंगवर्गीय व बहुवर्षायू पिकांत होती. आपले सोयाबीन, तूर, हरभरा ही सारी शेंगवर्गातली. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतः धरतात. मध्य प्रदेशात निमाडातल्या खरगोन जिल्ह्यात २००७ पासून काळ्या जमिनीवर दीर्घ मुदतीचा प्रयोग चालू झाला. तेथेही पहिल्या वर्षांत सेंद्रिय कापूस व गहू बरेच मागे पडले. सोयाबीन सुमारे ७ टक्केच मागे राहिले, आणि खर्च कमी असल्याने त्यात हाती उरणारा पैसा उलट थोडा अधिक होता. तेव्हा 'सेंद्रियाने शेतकरी बुडतो' हेही सरसकट म्हणता येत नाही. कोणते पीक, हे आधी विचारावे.

आता त्या मजुराकडे वळू, ज्याला आम्ही चार तासे सोडून फवारताना पाहिले. तोंडाला फडके, पाय उघडे, वारा अंगावर येत होता. आणि पंप उतरवून त्याने त्याच हाताने खर्रा तोंडात टाकला. आपल्या भाषेत विषाला 'औषध' म्हणतात. 'औषध मारले' असे आपण सहज बोलून जातो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात याच औषधाने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी कपाशी पुरुषभर उंच वाढली होती, माणसे तिच्यात शिरून फवारत होती, दमट हवेत फवारा डोक्याभोवती लोंबकळत होता आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. काहींची दृष्टी गेली. सरकारने चौकशी नेमली, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. यांपैकी कोणीही फवारलेले अन्न खाऊन मेला नाही. ते फवारताना मेले.

आमच्या मते सेंद्रिय अन्नाचा खरा, निर्विवाद लाभ येथे आहे. अवशेष मोजताना आपण दशलक्षातले अंश मोजतो; फवारणाऱ्याच्या अंगावर तेच विष ओंजळींनी सांडते. बाजारातली सारी जाहिरात मात्र 'तुमच्या आरोग्यासाठी' अशी असते, 'त्याच्या जिवासाठी' असे कोठे लिहिलेले आम्ही वाचले नाही. सेंद्रियाला जादा पैसे द्यायचे असतील तर ते मजुराच्या फुप्फुसांसाठी, विहिरीच्या पाण्यासाठी आणि मातीसाठी द्यावेत. ते देणे योग्य आहे. आपला मधुमेह बरा होईल म्हणून देणार असाल तर फसाल.

एक खुलासा येथे केला पाहिजे. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असे नव्हे. निंबोळी अर्क, दशपर्णी, मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण ही तेथेही चालतात, आणि मोरचूद काही अमृत नाही. उलट, साधी शेती करणाराही कामगंध सापळे लावून, अळ्या मोजून, नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच औषध काढील, तर त्याच्या चार फवारण्यांच्या दोन होतील. पाच किलो निंबोळीचा चुरा शंभर लिटर पाण्याला, हे प्रमाण कृषिखाते कित्येक वर्षे सांगत आले आहे. निंबोळ्या मात्र आपल्या रस्त्यांवर पायदळी जातात.

मग भरवसा कशावर ठेवायचा? निर्यातीसाठी २००१ पासून राष्ट्रीय प्रमाणपत्राची व्यवस्था आहे; हंगामी पिकाला त्यात साधारण दोन वर्षांचा पालटाचा काळ काढावा लागतो. त्या दोन वर्षांत उत्पन्न कमी, आणि माल सेंद्रिय म्हणून विकायचीही सोय नाही. लहान शेतकऱ्याला मोडणारी पायरी हीच. दुसरी व्यवस्था गटाची : शेजारचे शेतकरीच एकमेकांच्या शेताची पाहणी करून हमी देतात. ती स्वस्त आहे. पण धुऱ्यापलीकडून वाऱ्याने येणारा फवारा तीही अडवू शकत नाही. अडतीवर तर सेंद्रिय सोयाबीनची ढीग वेगळी पडतच नाही. ओल किती आणि काडीकचरा किती, एवढेच तेथे पाहतात. कारण ते सोयाबीन तेलाच्या कारखान्यात आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जायची असते. कोंबडी प्रमाणपत्र मागत नाही.

म्हणून आम्ही डाळीपासून सुरुवात केली. त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला बाजार उत्तर देईना, तेव्हा आमच्या आळीतल्या पाच घरांनी मिळून ठरविले की, वर्षाची तूर त्यांच्याकडून घ्यायची. भाव बाजारसमितीच्या दरावर थोडा चढा. अट एकच : फवारणीची वही ठेवायची, आणि काही फवारावेच लागले तर ते लपवायचे नाही. पहिली अडचण दालमिलमध्ये आली. दोन पोत्यांसाठी गिरणी कोण लावणार? आणि लावली तरी दुसऱ्याच्या तुरीत मिसळणार. अखेर खेड्यातच अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने बसविलेल्या धाटणीची एक मिनी दालमिल सापडली, तेथे ती भरडली. डाळ बाजारच्या डाळीसारखी चकचकीत झाली नाही. काही दाणे पोखरलेले निघाले. एका घराने ते पाहून माल परत केला. त्या भगिनी आज येथे बसल्या आहेत. त्यांचा राग आम्हांस समजतो, कारण पैसे आम्ही चढे घेतले होते.

उरलेली चार घरे यंदाही घेणार आहेत. शेतकऱ्यांनी चार तासांऐवजी एक एकर तसा ठेवायचे म्हटले आहे, आणि मजुरासाठी हातमोजे, मुखवटा व बूट आमच्या रकमेतून आधीच आणून ठेवले आहेत. उरलेल्या वावरात फवारणी होणारच आहे. मुखवटा उकाड्यात किती वेळ तोंडावर राहतो, हे आम्ही ऑगस्टमध्ये जाऊन पाहू. पाचव्या घराची जागा रिकामी आहे; कोणास घ्यायची असल्यास मृगाच्या आत सांगावे, कारण बियाणे त्या हिशेबाने घ्यायचे आहे. अध्यक्षांनी घंटेकडे हात नेलेला दिसतो, तेव्हा थांबतो. प्रश्न असतील ते अवश्य विचारावेत.